लागू नाही

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि नेमका तेव्हाच तिच्या पर्समधला फोन वाजला. ‘अभिनंदन! आपल्या श्वसनाच्या आरोग्यात लक्षणीय सुधारणा झाली आहे. आपले गुण : एक. घरी येऊन व्यायाम करून घेण्याच्या सेवेसाठी असलेल्या प्रतीक्षायादीतून आपले नाव कमी करण्यात येत आहे. उत्तरांत बदल असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावे. असेच आनंदी राहा!’ आणि खाली एक पिवळा हसरा चेहरा. निरोप तिच्यासाठी नव्हता, तिच्या वडिलांसाठी होता. बाबांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या दवाखान्यात तिचाच नंबर दिलेला होता. ती लिफ्टच्या दारात उभी राहून तो मजकूर पुन्हा वाचत राहिली, तेवढ्यात दार मिटायला लागलं आणि तिच्या खांद्यावर येऊन आदळलं. "अहो बाई, आत की बाहेर? एकदा काय ते ठरवा," मागून कोणीतरी म्हणालं. ती बाहेर पडली. सुधारणा? कुणाची? सकाळी निघताना बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. काल संध्याकाळी ती घरी आली तेव्हाही तिथेच होते. त्याआधी ते तिथे कधी नव्हते, हे आठवायला गेली तर तिला काही केल्या आठवेना.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, डोक्यात तिडीक जावी अशी गोष्ट. ती स्वतः डॉक्टर. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात बसते, ताप-खोकल्यापासून ते नवऱ्याशी पटत नाहीपर्यंत सगळं ऐकते. आणि आज ती या इमारतीत आली होती ती याचसाठी : अशा सगळ्या छोट्या दवाखान्यांत आलेला माणूस बरा होतोय की नाही हे मोजायचं कशाने, ते ठरवायला. समितीची शेवटची बैठक होती. दोन प्रश्नावल्या उरल्या होत्या, एक लांबलचक आणि एक छोटी. लांबलचक म्हणजे खरोखर लांबलचक, म्हातारी माणसं अर्ध्यात पेंगायला लागत. छोटीत पाचच प्रश्न. जिना चढताना दम लागतो का, बाहेर फिरताना लागतो का, आंघोळ करताना, बोलताना, झोपेत. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे अगदी जीव जातोय. गेले वर्षभर काही दवाखान्यांत ही छोटी वापरून बघत होते, फोनवर मुली प्रश्न विचारत आणि आकडे भरत. बाबांचा दवाखाना त्यातलाच; प्रश्नांचे फोन घरच्या नंबरवर येत आणि बाबाच घेत. छोटीच घ्या, लोकांचा वेळ खाऊ नका, असं तीही प्रत्येक बैठकीत म्हणत आली होती. आज फक्त हात वर करायचे होते.

बैठकीच्या खोलीत नेहमीसारखी थंडगार हवा सोडलेली. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांची ताटली. अध्यक्ष, म्हणजे एके काळचे मोठे डॉक्टर, आता कुणालाही तपासत नाहीत, ते टोकाला बसले होते. भिंतीवरच्या पडद्याशेजारी उभे होते ते आकडेवाले. त्यांना ती मनातल्या मनात दशांशराव म्हणायची, कारण त्यांना साधं ‘दोन’ म्हणताच यायचं नाही, ‘दोन पूर्णांक शून्य तीन’ म्हणायचे. दशांशरावांच्या पडद्यावर हिरवी रेघ होती आणि ती डावीकडून उजवीकडे छान उतरत गेली होती. "उतार म्हणजे सुधारणा," ते म्हणाले. "प्रत्येक तिमाहीत लोकांचा त्रास कमी होत गेलाय. विशेषतः वयस्कर गटात. वयस्कर गटात तर फारच देखणा निकाल आहे." देखणा! तिने त्या रेघेकडे बघितलं. कुठेतरी त्या रेघेच्या खालच्या टोकाला बाबा होते. देखणे.

बाबा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. दुमजली बसचे जिने जन्मभर वरखाली केले, चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून. आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या फुकट्याला खालच्या मजल्यावरून घाम फुटायचा. सख्ख्या मेहुण्याला एकदा विनातिकीट धरला होता त्यांनी. मामा म्हणाला, भाऊजी, आपल्यातलं आहे, सोडा की. बाबांनी पावती फाडली आणि वर म्हणाले, रविवारी जेवायला या. मामा खरंच आला, जेवताना एक शब्द बोलला नाही, आणि बाबा मात्र तोच किस्सा त्याच्याच समोर रंगवून सांगत होते. आई डोळे वटारत होती. निवृत्त झाल्यावर सकाळ-संध्याकाळ इमारतीखालच्या बाकावर बैठक. तिथे त्यांचा एक जुना कंडक्टर यायचा, आणि दोघांचं एका जुन्या भांडणावरून रोज नव्याने जुंपायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज यायचा. ती खिडकीतून ओरडायची, "बाबा, अहो हळू! लोक काय म्हणतील!" मग फुप्फुसांचं दुखणं निघालं. वर्षानुवर्षं सिगारेटी ओढलेल्या आणि रस्त्यावरचा धूर गिळलेला, दुसरं काय होणार. पंप आले, गोळ्या आल्या. पहिल्यांदा फोनवर प्रश्न विचारले तेव्हा बाबांना तेरा गुण पडले होते, तिला चांगलं आठवत होतं, कारण बाबा म्हणाले होते, "शाळेत कधी एवढे पडले नाहीत."

तेरावरून एक. दशांशराव बोलत होते, आणि ती हिशेब लावत होती. पण हिशेब आकड्यांचा नव्हता. आधी संध्याकाळचं खाली जाणं बंद झालं. कंटाळा येतो म्हणाले. मग सकाळचंही. कंडक्टर काही दिवस खालून हाका मारायचा, मग त्यानेही सोडून दिलं, त्याचेही गुडघे गेलेले. मग आंघोळ. उभ्याने करायचे ते स्टुलावर बसून करायला लागले, मग नुसतं अंग पुसून घ्यायला लागले, आणि ते कळलं तेव्हा ती म्हणाली होती, बरं झालं, घसरायला नको. ती म्हणाली होती! मग शर्टाची बटणं लावणं सुटलं. दिवसभर डोक्यावरून घालायचा सैल सदरा. आणि मग बोलणं. इथे ती अडकली. बाबांनी शेवटचा किस्सा कधी सांगितला? टीव्हीवरच्या बातमीदाराला शेवटची शिवी कधी हासडली? हल्ली ते हुं म्हणतात, मान हलवतात, बोटाने दाखवतात. आणि तिला वाटत होतं, चला, बाबा जरा निवळले. दवाखान्यात दिवसभर लोकांची कटकट ऐकून आल्यावर घर शांत मिळतंय याचं तिला बरं वाटत होतं. तिच्या कानामागे गरम झालं. बाटली उघडताना पाणी टेबलावर सांडलं, आणि शेजारच्या बाईंनी कागदी रुमाल पुढे केला.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "एखादा माणूस जिना चढतच नसेल तर?"

"म्हणजे?" दशांशराव थांबले.

"म्हणजे चढतच नसेल. सोडूनच दिलं असेल चढायचं. मग जिना चढताना दम लागतो का, याला त्याने काय सांगायचं?"

"हां, ते." दशांशरावांचा चेहरा खुलला. प्रश्न सोपा निघाला होता. "त्यासाठी आधी ‘लागू नाही’ अशी सोय होती. पण लोक फारच वेळा तेच म्हणायला लागले, सरासरी काढता येईना. म्हणून फोनवरच्या मुलींना सांगितलं की ‘लागू नाही’ म्हणाले की शून्य धरा. त्रास झालेला नाही, म्हणजे शून्यच की. तर्काने बरोबर आहे."

"फारच वेळा म्हणजे किती लोक?"

"ते वेगळं ठेवलेलं नाही. एकदा शून्य धरलं की सगळी शून्यं सारखीच."

खोलीत कुणालाच काही वाटलं नाही. तेच तिला सहन होईना. कुणी बिस्किट घेतलं, कुणी घड्याळ बघितलं. तिच्या डोळ्यांपुढे तिचे स्वतःचे पेशंट यायला लागले, एकामागून एक, जणू वेटिंग रूमचं दार कुणी उघडं टाकलं होतं. तो रात्रपाळीचा पहारेकरी. झोपेत दम लागतो का, तिने विचारलं होतं. नाही म्हणाला. आडवं झालं की लागतो, म्हणून आडवा होतच नाही, खुर्चीत बसूनच डुलकी काढतो. तिने केसपेपरवर ‘त्रास नाही’ असं लिहिलं होतं की नव्हतं? ती शिवणकाम करणारी. पाय मारायच्या मशीनवर धाप लागायची, म्हणून मशीन जावेला देऊन टाकलं. आता कसं वाटतं? आता काही त्रास नाही, डॉक्टर. बोलताना खाली बघत होती. आणि ही सगळी माणसं त्या हिरव्या रेघेवर बसून घसरत चालली होती, खाली, आणखी खाली, आणि वर उभे राहून हे टाळ्या वाजवत होते.

"म्हणजे माणूस मेला की पाचही प्रश्नांना शून्य," ती म्हणाली. आवाज चढला होता, चढू दे. "तुमचा सगळ्यात ठणठणीत पेशंट!"

दोघंतिघं हसले. दशांशराव हसले नाहीत. "मयत रुग्ण वगळलेले आहेत, मॅडम," ते अगदी मनापासून म्हणाले.

"आणि जिवंतपणी गेलेले?"

"बाई, बाई," अध्यक्षांनी हात वर केला. आवाज मऊ, एके काळी कित्येक वर्षं घाबरलेल्या नातेवाइकांसाठी वापरलेला. "मुद्दा चांगला आहे. फार चांगला आहे. पुढच्या फेरीत आपण त्यावर जरूर विचार करू."

"पुढच्या फेरीपर्यंत यांची नावं यादीतून उडालेली असतील. आज माझ्या वडिलांचं उडालंय. हे बघा. हसरा चेहरा टाकलाय खाली." तिने फोन टेबलावर सरकवला. तो बिस्किटांच्या ताटलीला अडून थांबला. कुणी उचलला नाही. "माझे वडील घराबाहेर पडत नाहीत, आंघोळ करत नाहीत, बोलत नाहीत. त्यांना चालतं करायला जी बाई घरी यायची होती, तिची वाट बघत आम्ही इतके महिने थांबलो. ती आता येणार नाही. का, तर ते बरे झाले!"

"एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही," दशांशराव म्हणाले, आणि वाईट याचं की ते बरोबर बोलत होते. तीही दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच सांगायची. पण एक रुग्ण म्हणजे कोण, हे त्यांना कुठे माहीत होतं. तिला वाटलं, उठावं आणि त्या पडद्याची दोरी ओढून सगळं गुंडाळून टाकावं. तिने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "‘लागू नाही’ची सोय परत घाला, तरच माझा पाठिंबा." अध्यक्ष म्हणाले की छपाईला गेलंय, संगणकाचं काम झालंय, आता एक रकाना वाढवायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. मग म्हणाले, मतदान घेऊ. हात वर झाले. शेजारच्या बाईंचाही झाला, जरा उशिरा, कोपर टेबलाला टेकलेलं ठेवून. तिचा एकटीचा खाली राहिला. "बहुमताने," अध्यक्ष म्हणाले, आणि चहा आला.

तिने चहा घेतला नाही. लिफ्टची वाटही बघितली नाही, जिन्याने खाली उतरली, तरातरा, आणि खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला जरासुद्धा दम लागलेला नाही. याचाही तिला राग आला. रस्त्यावर ऊन होतं, गाड्या एकमेकींच्या अंगावर भुंकत होत्या. एक माणूस फुटपाथवर शिडी लावून दुकानाची पाटी पुसत होता, त्याची बादली तिच्या पायाला लागली, आणि ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा पायरीवरच थिजला. सगळ्यांचा राग आला होता तिला. दशांशरावांचा, अध्यक्षांच्या मऊ आवाजाचा, कोपर टेकवून हात वर करणाऱ्या त्या बाईचा. स्वतःचा तर होताच. पण चालता चालता सगळ्यात जास्त राग कुणाचा येत होता, हे घराच्या गल्लीत वळल्यावर तिला कळलं. बाबांचा. तक्रार का नाही केली त्यांनी? बारीकसारीक गोष्टीवरून सगळी बस डोक्यावर घेणारा माणूस, आपलं एकेक हिरावलं जाताना गप्प कसा बसला? जिना गेला, गप्प. बाक गेलं, गप्प. आणि फोनवर कुणी विचारलं तर म्हणे त्रास नाही. खालचं बाक रिकामं होतं. त्यावर कुणीतरी भाजीची पिशवी ठेवून गेलं होतं.

बाबा खुर्चीत होते. तिने पर्स टाकली आणि सरळ विचारलं, "तुम्ही फोनवर काय सांगितलंत त्या मुलीला?"

बाबांनी वर बघितलं. मग, शब्द सुटे सुटे करत, म्हणाले, "विचारलं, जिना चढताना दम लागतो का. म्हटलं, चढत नाही. म्हणाली, म्हणजे त्रास नाही ना? म्हटलं, नाही."

"असं का सांगितलंत?"

"खरं तेच... सांगितलं."

"मी आता फोन लावते. सांगा, लागतो म्हणून. सगळ्याला चार म्हणून सांगा."

बाबांनी मान हलवली. नाही. बोट वर करून हलवलं, जसं फुकट्यापुढे हलवायचे. "खोटं... नाही सांगणार."

आणि मग तिचा तोल गेला. जन्मात बाबांवर आवाज चढवला नव्हता, घरात आवाज त्यांचाच असायचा. "खोटं?" ती ओरडली. "हे काय खरं चाललंय? खुर्चीत बसून राहायचं, हुं हुं करायचं, याला त्रास नाही म्हणतात? तुम्ही जगायचं सोडून दिलंत बाबा, आणि त्यांनी तुम्हाला पास केलं! पेढे वाटू का? तो कंडक्टर खाली हाका मारून मारून थकला, तुम्ही खिडकीतून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाहीत. कुणाला वाचवत होतात? मला? मी शांतपणे चहा पीत बसले, मला कळलंसुद्धा नाही. माझ्याच घरात! मी डॉक्टर आहे, मला कळलं नाही! एकदा ओरडायचंत की माझ्यावर! एकदा तरी म्हणायचंत, बये, मला खाली जायचंय, ने!" तिला रडू फुटलं आणि त्याचाही तिला भयंकर संताप आला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. उघडू दे.

बाबांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकवले आणि खाली जमिनीकडे बघितलं. तिला वाटलं, दुखावले. मग ते म्हणाले, "चपला."

"काय?"

"चपला दे."

"बाबा, आत्ता नको. मी रागाने बोलले."

"मीही... रागानेच... चाललोय," बाबा म्हणाले.

तिने पंप खिशात टाकला, त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात झटकला आणि कठडा धरला. एकच मजला उतरायचं ठरलं. उतरायला वेळ लागला, मध्ये थांबावं लागलं, पण उतरले. ती म्हणाली, झालं, एवढं पुरे, इथूनच फोन लावू. बाबांनी पुन्हा ते बोट हलवलं. "उतरताना... नाही विचारलंय. चढताना... विचारलंय." आणि वळले. तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, दुसरा त्याच्याशेजारी आणला. मग दुसरी. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, गळ्याच्या शिरा ताठल्या, ओठांचा रंग बदलायला लागला. "ओठ आवळा आणि हळू सोडा, फुंकर मारल्यासारखं," ती सांगत होती, डॉक्टरच्या आवाजात, आणि आत त्यांची मुलगी घाबरून नुसती देवाचा धावा करत होती. निम्म्या जिन्यावर ते मटकन बसले. तिने पंप दिला. त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर सदरा घामाने चिंब झालेला. श्वास इतक्या मोठ्याने येत होता की वरच्या मजल्यावरची शेजारीण कठड्यावरून वाकून बघायला लागली. कितीतरी महिन्यांनी बाबांचा आवाज जिन्यात घुमत होता. नुसता श्वासाचा, पण त्यांचाच. त्यांनी अंगठा आणि करंगळी कानाजवळ नेऊन तिला खूण केली. लाव.

फोनवरची मुलगी खरंच गोड बोलत होती. नाव, जन्मतारीख, सगळं विचारलं. तिने सांगितलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलायचंय, जिना चढताना. चार. "सॉरी बाई, पेशंटनी स्वतः सांगावं लागतं," मुलगी म्हणाली, "तसा नियम आहे." तिने फोन बाबांच्या तोंडाशी धरला. पलीकडे आधी नुसता श्वास गेला असणार, एक, दोन, तीन, फुटक्या पाइपातून पाणी यावं तसा. मग बाबांनी डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "चा...र."

"अरे बापरे," मुलगी म्हणाली. तिच्या कीबोर्डची टकटक थांबली. तिच्या आवाजातला गोडवा गेला होता आणि खरी काळजी आली होती. "मागच्या वेळी शून्य होतं काका. एकदम चार? पडलात का? ॲडमिट होतात का? हॅलो? काय झालं यांना, कुणीतरी सांगा ना, मला कारण लिहावं लागतं."

बाबांनी फोन तिच्याकडे दिला. ते वर बघत होते, उरलेल्या पायऱ्यांकडे, असे रागाने, जणू कुणी विनातिकीट बसलंय तिथे.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आज जिना चढले ते. तसं लिहा."